मीटर शून्यावर असतो तेव्हा दाब किती असतो?

जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागेत ठिबकच्या फिल्टरपाशी पाण्याचा दाब दाखवणारे दोन गोल मीटर बसवलेले असतात. एक फिल्टरच्या आधी, एक नंतर. काचेवर धुळीचा थर, आत पिवळट पडलेली तबकडी, आणि मोटर बंद असली की दोन्ही काटे शून्यावर. लाईट आली, मोटर चालू झाली की काटे उठतात आणि बांधावरून प्रश्न येतो, "किती दाखवायलाय?" "दीड किलो." एवढ्यावर काम भागतं.

पण काटा शून्यावर असतो तेव्हा त्या पाइपात दाब किती असतो? शून्य म्हणाल तर चुकलं. तेव्हाही पाइपातली हवा दर चौरस सेंटीमीटरला जवळजवळ एक किलोच्या जोराने दाबत असते. मीटर ते दाखवत नाही, कारण बाहेरची हवाही त्याला तेवढ्याच जोराने दाबत असते आणि त्याला कळतो तो फक्त फरक. टायरवाला सांगतो तो आकडा, हवामानाच्या बातमीतला आकडा, दवाखान्यातला बीपीचा आकडा, विहिरीवरच्या मोटरीची मर्यादा, या सगळ्यांत 'कशाच्या तुलनेत' हे कुणी बोलून दाखवत नाही. दाबाबद्दलचा निम्मा गोंधळ तिथूनच येतो.

व्याख्या आधी उरकून टाकू. बल भागिले क्षेत्रफळ म्हणजे दाब. पाऊस झालेल्या काळ्या रानात लोखंडी धावेची बैलगाडी रुतते आणि तेवढाच माल भरलेली टायरगाडी निघून जाते. वजन तेच, पण धाव अरुंद असल्याने जमिनीच्या प्रत्येक बोटभर जागेवर पडणारा भार जास्त. शाळेच्या पुस्तकात याचं एकक पास्कल: एका चौरस मीटरवर एक न्यूटन बल. हे एकक इतकं बारीक आहे की शंभर ग्रॅमचं वजन चौरस मीटरभर पसरून ठेवलं तर साधारण एक पास्कल दाब होतो. म्हणूनच व्यवहारात ते कुणी वापरत नाही. शेतात 'किलो' चालतो, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला एक किलो वजनाएवढा जोर. टायरच्या दुकानात पीएसआय (दर चौरस इंचाला एक पौंड), दवाखान्यात पाऱ्याचे मिलिमीटर, हवामान खात्यात हेक्टापास्कल (शंभर पास्कल). एक किलो म्हणजे सुमारे १४.२ पीएसआय, किंवा पाऱ्याचे सुमारे ७३६ मिलिमीटर, किंवा ९८१ हेक्टापास्कल. एकाच गोष्टीला एवढी एककं कशाला, असं वाटणं साहजिक आहे, पण ज्या त्या धंद्याने आपल्या हातातल्या साधनाप्रमाणे एकक धरलं आणि ते चिकटून बसलं.

आता हवेकडे येऊ. समुद्रसपाटीवर हवेचा दाब १,०१३ हेक्टापास्कल, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला एक किलोहून किंचित जास्त. तळहाताचं क्षेत्रफळ शंभर चौरस सेंटीमीटर धरलं तर त्यावर हवेचा क्विंटलभर भार आहे. हात खाली जात नाही, कारण हाताच्या खालच्या बाजूनेही हवा तेवढ्याच जोराने वर रेटते आणि शरीरातले द्रव आतून तोच दाब धरून असतात. दोन्ही बाजू सारख्या म्हणून काही जाणवत नाही. एका बाजूचा दाब काढून घेतला की मात्र हवेचा जोर काय असतो ते दिसतं.

आणि मराठवाड्यात तो सगळ्यात जास्त कुठे दिसतो, तर विहिरीत.

जुन्या खोल विहिरींमध्ये वाकून पाहिलं तर मोटर काठावर नसते. आत, बऱ्याच खाली, दगडी कट्ट्यावर किंवा लोखंडी अँगलवर ती बसवलेली असते. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की माणसं दोर लावून मोटर आणखी खाली उतरवतात. हा सगळा खटाटोप कशासाठी? मोटर काठावर ठेवून लांब पाइप सोडला तर काय बिघडलं असतं?

बिघडलं असतं ते असं. पंप पाणी 'ओढतो' असं आपण म्हणतो, पण पाण्याला ओढता येत नाही. पंप फक्त सक्शन पाइपातला, म्हणजे विहिरीत सोडलेल्या पाइपातला, दाब कमी करतो. विहिरीतल्या पाण्यावर बाहेरची हवा दाबत असतेच. पाइपात दाब कमी आणि बाहेर जास्त, म्हणून हवा पाण्याला पाइपात ढकलते. म्हणजे पाणी चढवण्याचं काम हवेचं, पंपाने नुसती वाट मोकळी करून दिली. आता हवेचा जोरच जर चौरस सेंटीमीटरला किलोभर असेल, तर ती एक किलोच्या पाण्याच्या खांबापेक्षा उंच खांब पेलणार नाही. एक चौरस सेंटीमीटर तळाचा दहा मीटर उंच पाण्याचा खांब बरोबर एक किलोचा भरतो. समुद्रसपाटीला ही मर्यादा १०.३ मीटर. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून अधिक उंचीवर आहे, तिथे हवा थोडी विरळ, म्हणून ९.७ मीटरच्या आसपास. आणि हे पाइपात पूर्ण पोकळी करता आली तर. प्रत्यक्षात पाइपातलं घर्षण, पाइपाच्या तळाच्या झडपेची, फूटव्हॉल्व्हची, अडवणूक, आणि दाब फार कमी झाला की पाण्याचीच वाफ होऊ लागते, या सगळ्यांत बावीस-चोवीस फुटांवर हिशेब संपतो. त्यापुढे मोटर हवा धरते, पाणी सोडते. तीनऐवजी दहा हॉर्सपॉवरची मोटर आणली तरी सक्शनची उंची वाढत नाही, कारण ढकलणारी हवा तेवढीच आहे. मोटरीच्या वरच्या बाजूला, डिलिव्हरीत, हॉर्सपॉवरचा उपयोग होतो. तिथे पंप स्वतः ढकलतो.

बोअरमध्ये सबमर्सिबल मोटर पाण्यातच बुडवतात ती याच कारणाने. खाली बसून वर ढकलायचं, मग तीनशे फूटही जमतं.

हातपंपाची गोष्ट यात खास आपल्याकडची आहे. गावातला हातपंप शंभर फुटांखालचं पाणी काढतो, तेही कुणा शाळकरी पोरीच्या हातच्या जोरावर. हे कसं? दट्ट्या आणि त्याचं सिलिंडर वर नसतंच. ते खाली बोअरमध्ये, पाण्याच्या पातळीखाली असतं. वरची दांडी लांब सळईने त्या दट्ट्याला वर-खाली करते आणि पाणी टप्प्याटप्प्याने वर उचललं जातं. आधीचे बिडाचे हातपंप मुळात एखाद्या घराच्या वापरासाठीचे. ते गावच्या विहिरीवर दिवसभर चालू लागले की मोडत. १९६०च्या दशकाच्या अखेरीस जालन्याला ख्रिस्ती मिशनच्या विहीर-खोदाईच्या कामातून एका खिळीवर फिरणाऱ्या पोलादी दांडीचा मजबूत पंप तयार झाला. त्याला जालना पंप म्हणत. त्यावरून सोलापूरला सुधारलेला पंप निघाला आणि १९७०च्या दशकात युनिसेफच्या मदतीने त्याचा इंडिया मार्क २ झाला. साधारण ४५ मीटर खोलीपर्यंत चालणारा हा पंप पुढे आफ्रिकेतल्या गावांतही गेला. जगभर गेलेल्या यंत्राच्या वंशावळीत जालन्याचं नाव आहे, हे जालन्यात फारसं कुणी सांगत नाही.

ही दहा मीटरची अडचण इटलीतल्या पंपवाल्यांनाही आली होती. गॅलिलिओला ती माहीत होती, पण तिचं खरं कारण त्याच्या हाती लागलं नाही. तो १६४२ मध्ये वारला. त्याचा शिष्य तोरिचेल्ली याने फ्लॉरेन्समध्ये १६४३-४४ च्या सुमारास पाण्याऐवजी पारा घेतला. पारा पाण्याच्या १३.६ पट जड, म्हणून खांब तेवढ्या पटीने आखूड होणार. साधारण मीटरभर लांबीची, एका बाजूला बंद असलेली काचेची नळी पाऱ्याने काठोकाठ भरायची, उघड्या तोंडावर बोट धरून उलटी करायची आणि पाऱ्याच्या वाटीत बुडवून बोट काढायचं. पारा थोडा उतरतो आणि ७६ सेंटीमीटरवर थांबतो. वर उरते ती पोकळी. नळी तिरपी केली तरी वाटीतल्या पाऱ्यापासूनची उभी उंची तेवढीच राहते. आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो, असं त्याने एका पत्रात लिहिलं.

तो दाब हवेच्या वजनाचाच आहे हे पक्कं करायला फ्रान्समध्ये ब्लेझ पास्कलने आपल्या मेव्हण्याला, फ्लोरँ पेरिएला, डोंगरावर धाडलं. १९ सप्टेंबर १६४८ रोजी पेरिए प्युइ द दोम डोंगर चढला. हजारेक मीटरच्या चढात पारा आठ सेंटीमीटरहून थोडा अधिक उतरला. यातली मला आवडते ती गोष्ट वेगळी आहे. तशीच एक नळी त्याने खाली मठात ठेवली होती आणि दिवसभर ती बघत बसायला एक माणूस बसवला होता. खालचा पारा हलला नाही, म्हणून वरचा फरक डोंगराचा, हवामानाचा नव्हे, हे कुणाला नाकारता येईना.

आता पाऱ्याची नळी घेऊन डोंगर चढायची गरज उरलेली नाही. बऱ्याच स्मार्टफोनमध्ये दाब मोजणारा सेन्सर असतो. संभाजीनगरात तो ९४०-९५० हेक्टापास्कलच्या आसपास दाखवतो, आणि म्हैसमाळच्या घाटात दर आठ-नऊ मीटर चढाला साधारण एक हेक्टापास्कल उतरताना बघता येतो. पण त्याच दिवशी हवामानाच्या अंदाजात महाराष्ट्रावर १,००६ हेक्टापास्कल लिहिलेलं असतं. फोन बिघडला नाही आणि हवामान खातंही चुकलं नाही. १९९९च्या ओडिशातल्या महाचक्रीवादळाच्या केंद्रात दाब ९१२ हेक्टापास्कलपर्यंत उतरला होता. नुसता मोजलेला दाब नकाशावर मांडला तर रोजच्या उन्हात संभाजीनगरवर एखादं मोठं चक्रीवादळ बसल्यासारखं दिसेल. म्हणून प्रत्येक ठिकाणचा दाब 'हे गाव समुद्रसपाटीला असतं तर किती' असा हिशेब करून लिहितात. मग उंचीचा फरक गळून पडतो आणि उरतो तो हवेचा खरा फरक. बंगालच्या उपसागरात आजूबाजूपेक्षा काही हेक्टापास्कल कमी दाब झाला की त्याला कमी दाबाचं क्षेत्र म्हणतात, आणि आपल्या सोयाबीनचं पुढचं गणित त्या काही हेक्टापास्कलवर ठरतं.

मोजायचं कसं, याची सगळ्यात साधी पद्धत गवंड्याकडे आहे. पाणी भरलेली पारदर्शक नळी दोन भिंतींना लावून तो पातळी जुळवतो. दोन्ही तोंडं उघडी, दोन्हीवर हवा सारखीच दाबते, म्हणून पाणी दोन्हीकडे एका रेषेत. ती नळी इंग्रजी यू अक्षरासारखी धरून एका तोंडात हळूच फुंका. तिकडचं पाणी खाली जातं, दुसरीकडचं वर येतं. दोन पातळ्यांमधलं अंतर दहा सेंटीमीटर भरलं तर तुमच्या फुंकरीचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा चौरस सेंटीमीटरला दहा ग्रॅमने, म्हणजे साधारण दहा हेक्टापास्कलने जास्त. मॅनोमीटर तो हाच. यात स्प्रिंग नाही, काटा नाही, बिघडायला काही नाही. फक्त दाब मोठा असला तर नळी फार उंच लागते. एक किलोसाठी दहा मीटर.

शेतातल्या गोल मीटरने ही उंचीची अडचण सोडवली. तो पॅरिसच्या युजीन बूर्दाँचा, १८४९ सालचा. मागचं झाकण उघडलं तर आत एक पितळी नळी अर्धवर्तुळाहून जास्त वाकवलेली दिसते. तिचा काप गोल नसतो, चपटा असतो. एक टोक पाइपाला जोडलेलं, दुसरं बंद आणि मोकळं. आत पाणी दाबाने शिरलं की चपटी नळी फुगू बघते आणि फुगताना थोडी सरळ होते. जत्रेतली गुंडाळलेली कागदी पिपाणी फुंकल्यावर उलगडते, तसंच. नळीचं मोकळं टोक केसभर सरकतं, त्याला जोडलेली पट्टी एका दातेरी कमानीला ओढते, ती बारीक चाकाला फिरवते, आणि काटा पुढे जातो. त्या नळीच्या बाहेर, मीटरच्या डबीत, साधी हवा असते. म्हणूनच आतही हवाच असली की नळी वाकलेलीच राहते आणि काटा शून्यावर.

हवेचा स्वतःचा दाब मोजायचा तर एका बाजूला काहीच नको. तोरिचेल्लीच्या नळीत वर पोकळी होती ती त्याकरता. १८४४ मध्ये ल्यूसियाँ विदी याने पाऱ्याची कटकट काढून हवा उपसलेली पातळ पत्र्याची डबी वापरली. बाहेरचा दाब वाढला की डबी दबते, कमी झाला की वर येते. तुमच्या फोनमध्ये तीच डबी सिलिकॉनची, तांदळाच्या दाण्याहूनही लहान झालेली आहे. तुलना सुटलेली नाही, इथे ती पोकळीशी आहे.

मोसंबीच्या बागेतल्या दोन मीटरमध्येही कामाचा आकडा एकाचा नसतो, दोघांमधला फरक कामाचा असतो. आधीचा दीड किलो आणि नंतरचा सव्वा किलो दाखवत असेल तर फिल्टर बरा आहे. फरक अर्ध्या किलोपर्यंत गेला की जाळी शेवाळाने भरली समजायचं आणि फिल्टर धुवायचा. अनेक साध्या ड्रिपरचा ताशी चार लिटरचा हिशेब एक किलो दाबावर धरलेला असतो. शेवटच्या झाडाला दाब अर्धा किलो पोहोचला तर त्याला पाणी अर्धं नाही, पण तीस टक्क्यांच्या आसपास कमी मिळतं, आणि बागेच्या टोकाची फळं बारीक का, याचं उत्तर कधीकधी खतात नसून इथे असतं.

पाण्याच्या दाबाला एक विचित्र खोड आहे. तो पाण्याच्या पसाऱ्याकडे बघत नाही, फक्त खोलीकडे बघतो. पैठणचा नाथसागर कित्येक किलोमीटर पसरलेला आहे, पण पाण्याखाली तीस मीटरवर धरणाच्या भिंतीवर जो दाब येतो तो तीस मीटर पाणी असलेल्या अरुंद विहिरीच्या तळाइतकाच: हवेच्या दाबाहून तीन किलो जास्त. मागे पाणी पाच किलोमीटर आहे की पन्नास, याने फरक पडत नाही. पटायला जड जातं, पण नाहीतर एक तोंड जाड आणि एक बारीक असलेल्या नळीत जाड तोंडाकडचं पाणी बारीक तोंडाकडच्या पाण्याला रेटून वर चढवत राहिलं असतं. धरणाचा पाया रुंद आणि माथा अरुंद असण्याचं एक मोठं कारण हेच, की दाब खाली वाढत जातो. संभाजीनगरच्या पाणचक्कीत डोंगराकडून मातीच्या नळांतून आलेलं पाणी भिंतीत वर चढतं आणि मग धबधब्यासारखं खाली पडतं, त्यामागेही उगमाच्या उंचीचाच दाब आहे. वर चढवायला कुठला पंप नाही. मात्र उगमाच्या पातळीपलीकडे ते एक बोटही चढणार नाही.

नळाला कित्येक दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरांत लोक थेट नळालाच मोटर जोडतात. त्रास समजण्यासारखा आहे, पण दाबाच्या हिशेबाने हे फार वाईट आहे. मोटरीने जोर केला की गल्लीतल्या पाइपात दाब बाहेरच्या हवेपेक्षाही खाली जाऊ शकतो. मग जिथे जिथे पाइपाला भेग आहे तिथे पाणी बाहेर गळायचं सोडून बाहेरचं आत शिरतं, आणि शेजारून नाली जात असेल तर नालीचं.

दवाखान्यातल्या १२० आणि ८० या आकड्यांनाही हाच न्याय. बीपी १२० म्हणजे हृदय आकुंचन पावताना रक्ताचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा पाऱ्याच्या १२० मिलिमीटरने जास्त. हवेचे सातशेहून अधिक मिलिमीटर दोन्हीकडून वजा झालेले असतात. दंडाला पट्टा बांधून तो फुगवायची पद्धत इटलीच्या रिव्हा-रोचीने १८९६ मध्ये आणली, आणि पट्टा सैल करताना स्टेथोस्कोपने ठोके ऐकण्याची युक्ती रशियन डॉक्टर कोरोत्कोव्हने १९०५ मध्ये सांगितली. पट्टा रक्तवाहिनीला पूर्ण दाबतो तेव्हा आवाज नसतो. पट्ट्यातला दाब रक्ताच्या वरच्या दाबाखाली आला की रक्त झटक्याने सुटतं आणि ठोका ऐकू येतो, तिथे पहिला आकडा. आवाज बंद होतो तिथे दुसरा. मोजताना दंड हृदयाच्या पातळीला का ठेवायचा, हेही आता कळेल: शरीरातही रक्ताचा खांबच आहे. दंड दहा सेंटीमीटर खाली लोंबत असेल तर आकडा सात-आठ मिलिमीटरने उगाच वाढतो. गोळी सुरू करायची की नाही हे ठरत असताना एवढा फरक लहान नव्हे.

राहिला प्रश्न मीटरवर विश्वास किती ठेवायचा याचा. प्रयोगशाळेत मीटर तपासतात तो व्याख्येवरूनच: मोजलेल्या क्षेत्रफळाच्या दट्ट्यावर मोजलेलं वजन ठेवायचं, आणि खालच्या तेलाच्या दाबाशी मीटर जुळतो का ते बघायचं. कुकरची शिट्टीही त्याच जातीची. भोक तीन मिलिमीटर व्यासाचं धरलं तर त्याचं क्षेत्रफळ ०.०७ चौरस सेंटीमीटर, म्हणजे सत्तर ग्रॅमची शिट्टी एक किलो दाबाला उचलली जाते, आणि आत पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं. शिट्टी हरवली म्हणून दुसऱ्या कुकरची, जडसर शिट्टी बसवू नये ती एवढ्यासाठी.

ठिबकच्या मीटरसाठी प्रयोगशाळा लागत नाही, उंच टाकी पुरते. टाकीतल्या पाण्याच्या पातळीपासून बरोबर तेहतीस फूट खाली पाइपाला मीटर लावा, पुढचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा आणि पाइपातली हवा निघून जाऊ द्या. काटा एक किलोला टेकला पाहिजे. सव्वा दाखवला तर रोजच्या वाचनातून पाव किलो वजा धरा किंवा मीटर बदला. व्हॉल्व्ह उघडून मात्र तपासू नका. पाणी वाहू लागलं की काही दाब पाइपाच्या घर्षणात खर्च होतो, आणि मग काटा कमी दाखवतो ते खरंच दाखवत असतो.